आपले पहिले, त्यांची कबर कुठली?

शब-ए-बरातच्या रात्री मुलाला घेऊन मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात गेलो होतो. ठाकूरद्वारहून चालतच गेलो. फातिहा झाल्यावर त्याने विचारलं, "अब्बा, आपल्यातले जे पहिले मुंबईत आले, त्यांची कबर कुठली?" मी हाताने एक बाजू दाखवली. म्हटलं, "इथेच कुठेतरी." माझ्या दादीनेही मला लहानपणी असंच दाखवलं होतं. फक्त तिने दाखवलेली बाजू वेगळी होती.

तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

आज या भागात पाय ठेवायला जागा नाही, पण एके काळी हे गावाबाहेरचं रान होतं. 1803 मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर लोक कोटाबाहेर जास्त संख्येने वस्ती करू लागले. इंग्रज सरकारने गुरांवर चराईचा कर बसवला तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी 1838 मध्ये ठाकूरद्वारजवळची समुद्राकाठची कुरणं 20,000 रुपयांना विकत घेतली, गोरगरिबांची गुरं फुकट चरावीत म्हणून. 'चर्नी रोड' हे नाव त्या चरण्यावरूनच आलं असं सांगतात. पलीकडे बॅक बेची वाळू होती. रेल्वेचे रूळ तिथे 1860 च्या दशकात आले.

या वाळूच्या कडेला मुंबईने आपले मुर्दे ठेवले. हिंदूंचं स्मशान, मुसलमानांचं कब्रस्तान, इंग्रजांची दफनभूमी, सगळं जवळजवळ. या टापूचं नाव सोनापूर. काहींच्या मते ते सोन्यावरून पडलं, तर काहींच्या मते झोपण्यावरून. आम्हा उर्दूवाल्यांना अर्थातच दुसरं पटतं. सरकारच्या मनात हिंदूंचं स्मशान शिवडीला हलवायचं आलं तेव्हा नाना शंकरशेठ आडवे उभे राहिले आणि ते इथेच राहिलं.

कोकणी मुसलमान मुंबईत फार जुने. जमशेटजींच्या व्यापारातले एक भागीदार मोहम्मद अली रोघे हे आमच्यातलेच, जहाजांचे मालक. जामा मशिदीच्या इतिहासात त्यांचं नाव येतं. पण प्रत्येक रोघेंमागे शेकडो खलाशी, टंडेल आणि सारंग होते. रत्नागिरीकडची ही माणसं आगबोटींच्या डेकवर राबायची. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. त्यांच्याबद्दल आपण काय लिहून ठेवलं? मी स्वतः मराठी शिकवतो, वर्गात इतिहासावर निबंध लिहून घेतो, आणि माझ्या घरचं एक पान माझ्याकडे नाही.

माझे पणजोबा दाभोळच्या खाडीकाठच्या गावातून आले. जे माहीत आहे ते दादीच्या तोंडचं, म्हणजे सासरी ऐकलेलं. एका खोलीत दहा-बारा खलाशी, बोट लागेपर्यंत उधारीवर खाणं. नंतर बायको-मुलांना आणलं आणि प्लेग आला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. शहर सोडून लोक पळाले. पणजोबा पळाले नाहीत, कारण बोटीची नोकरी गेली तर गावीही खायला नव्हतं. दोन मुलं गेली. दादी सांगायची, धाकट्याला उचलून न्यायला दोनच माणसं होती, एक बाप आणि एक शेजारी. बाकीच्यांनी दारं लावून घेतली होती. ती मुलंही याच मातीत आहेत.

कबरींवर दगड का नाही, हे बाहेरचे वाचक विचारतात. आमच्याकडे कबर कच्चीच असावी, असा संकेत आहे. शिवाय मुंबईत जागा कुठली? काही काळाने त्याच जागी दुसरी मय्यत येते. जुहूच्या कब्रस्तानात मधुबाला आणि रफीसाहेबांच्या कबरीही 2010 मध्ये राहिल्या नाहीत, तिथे खलाशाची काय कथा! मला स्वतःला ही पद्धत योग्य वाटते, मेलेल्याने जिवंतांची जमीन कायमची अडवू नये. पण मग नावं वहीत तरी उतरवायला हवी होती. तो आळस आमचा. धर्माने कधी कुणाला लिहायला मनाई केली नव्हती.

पणजोबांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात आगबोटीवर गेला तो परत आलाच नाही. मस्जिद बंदरला खलाशांचं घर आहे. त्या युद्धात बुडालेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या 2,000 हून जास्त हिंदी दर्यावर्दींचं स्मारक तिथे आहे. गेल्या महिन्यात मुलाला घेऊन तिकडे निघालो, तेव्हा वाटेत त्याने विचारलं, "नाव काय शोधायचं?" दादी त्यांना नुसतं 'हसनमियाँ' म्हणायची. बापाचं नाव माहीत नाही, बोटीचंही नाही.

घरी आल्यावर त्याने जुनी वही काढली. पहिल्या ओळीत हसनमियाँ लिहिलं, पुढे दाभोळ. मग मला म्हणाला, "आता त्या दोन मुलांची नावं सांगा."