सौंदर्य शस्त्रक्रिया : निर्णय एका दिवसाचा, पूर्वपदावर येणे अनेक महिन्यांचे

बेंगळुरू : सौंदर्य शस्त्रक्रिया बहुधा आजारासाठी नव्हे, तर व्यक्तीच्या इच्छेने आणि ठरवून केली जाते. मात्र भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे धोके अन्य शस्त्रक्रियांप्रमाणे तिलाही लागू असतात. नाकाचा आकार बदलणे, लायपोसक्शन, पोटावरील सैल त्वचा काढणे, स्तनांचा आकार बदलणे, पुरुषांमधील वाढलेली छाती कमी करणे आणि केशरोपण या त्यांतील नेहमीच्या शस्त्रक्रिया होत. त्या करून घेण्यासाठी बेंगळुरूत कर्नाटकातील अन्य जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात.

मे 2022 मध्ये याच शहरातील एका घटनेने या शस्त्रक्रियांच्या सुरक्षिततेकडे देशाचे लक्ष वेधले. 'गीता' आणि 'दोरेसानी' या कन्नड मालिकांतून परिचित झालेली 21 वर्षीय अभिनेत्री चेतना राज हिचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. 16 मे रोजी एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिला श्वसनाचा त्रास सुरू झाला. तिला दुसऱ्या रुग्णालयात हलविण्यात आले, परंतु तिचे प्राण वाचू शकले नाहीत. हलगर्जीपणा झाल्याचा आरोप करून पालकांनी पोलिसांत तक्रार दिली. प्रकृती अचानक बिघडली तर त्याच ठिकाणी कोणते उपचार उपलब्ध आहेत, हा प्रश्न शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे, हे या घटनेने अधोरेखित केले.

डॉक्टर आणि जागेची खातरजमा

भारतात प्लास्टिक सर्जरीतील विशेष शिक्षण एम.सीएच. किंवा डीआरएनबी (पूर्वीची डीएनबी) या पदव्यांद्वारे दिले जाते. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक संबंधित राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे पडताळून पाहता येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सौंदर्योपचार व केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहिलेली प्रक्रिया हे पुरेसे प्रशिक्षण ठरत नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे.

जागेची पडताळणी तितकीच आवश्यक आहे. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांना 2007 च्या कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी असणे पुरेसे नाही. ती केवळ बाह्यरुग्ण तपासणीसाठी आहे की शस्त्रक्रियेसाठी, हेही पाहावे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्वतंत्र भूलतज्ज्ञ उपस्थित असतील का, प्राणवायू व पुनरुज्जीवनाची साधने आहेत का, रात्री देखरेख कोण करील आणि अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत नसल्यास रुग्णाला कोठे नेले जाईल, ही माहिती आधीच मागावी.

संमती आणि पूर्वतयारी

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात 2008 मध्ये दिलेल्या निकालानुसार, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमतीच वैध असते. संमतिपत्र इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असल्यास मराठी रुग्णाने ते समजेल अशा भाषेत समजावून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घाईने स्वाक्षरी करणे टाळावे.

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, पूर्वी झालेल्या रक्ताच्या गुठळ्या, औषधांची ॲलर्जी, तसेच व्रण जाड होण्याची प्रवृत्ती यांबाबत डॉक्टरांना काहीही लपवू नये. धूम्रपानामुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरण्यास विलंब होतो. त्यामुळे ते किमान चार आठवडे आधी थांबविण्यास सांगितले जाते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत. पूर्ण भूल द्यावयाची असल्यास साधारणपणे सहा तास आधी अन्न आणि दोन तास आधी पाणीही बंद केले जाते.

लायपोसक्शन हा वजन कमी करण्याचा उपचार नाही. त्यातून शरीराच्या ठरावीक भागाचा आकार बदलतो. एकाच वेळी काढावयाच्या चरबीचे प्रमाण वाढते तसा धोकाही वाढतो. पाच लिटरपेक्षा अधिक द्रव व चरबी काढण्याची प्रक्रिया मोठी समजली जाते आणि त्यानंतर रुग्णाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक मानले जाते. एका बैठकीत अनेक शस्त्रक्रिया उरकण्याचा प्रस्ताव याच कारणाने विचारपूर्वक स्वीकारावा.

विश्रांतीचे जुने शास्त्र

शस्त्रक्रियेनंतरची शिस्त ही आधुनिक काळाची देणगी नव्हे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान टिपू सुलतानच्या सैन्याच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ एका पारंपरिक कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसविले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकिकत प्रसिद्ध केली. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवावे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती ठेवाव्यात आणि कपाळाशी जोडलेली त्वचेची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापावी, असा क्रम तीत दिला होता. या पद्धतीच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये नाकाची शस्त्रक्रिया केली. उपचाराची साधने बदलली, तरी जखम भरण्यास लागणारा वेळ कमी करता येत नाही, ही बाब आजही कायम आहे.

किती दिवस, काय अपेक्षित

सूज आणि काळेनिळे डाग पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढतात आणि दोन ते तीन आठवड्यांत बहुतांशी ओसरतात. या काळात आरशात दिसणारे रूप अंतिम नसते. अनेकांना पहिल्या आठवड्यात निराशा किंवा पश्चात्तापही जाणवतो. तो सहसा तात्पुरता असतो.

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे एक आठवडा आधारपट्टी ठेवली जाते. काही आठवडे नाकावर चष्म्याचा भार टाकता येत नाही. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरण्यास वर्षभर लागू शकते. लायपोसक्शननंतर चार ते सहा आठवडे दाब देणारे घट्ट वस्त्र वापरावे लागते. बैठे काम करणारी व्यक्ती साधारण आठवड्याभरात कामावर जाऊ शकते, परंतु अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी स्पष्ट होतो.

पोटाची शस्त्रक्रिया अधिक मोठी असते. सुरुवातीचे काही दिवस किंचित वाकून चालावे लागते, द्रव निचरण्यासाठी नळी असू शकते आणि सुमारे सहा आठवडे जड वस्तू किंवा मूल उचलणे वर्ज्य असते. ओटीपोटावरील आडवा व्रण कायम राहतो. तो फिका होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. केशरोपणात रोपलेले केस पहिल्या महिन्याच्या सुमारास गळतात. हे अपयशाचे लक्षण नसते. नवे केस तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि परिणाम सुमारे वर्षभराने दिसतो. स्तनरोपणासाठी वापरलेली इम्प्लांट्स आयुष्यभर टिकतील असे गृहीत धरता येत नाही. ती पुढे काढावी किंवा बदलावी लागू शकतात.

प्रवास आणि धोक्याची लक्षणे

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी मुक्कामाचे नियोजन शस्त्रक्रियेबरोबरच करावे. बेळगावहून बेंगळुरू सुमारे 500 किलोमीटर आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच रात्रभर बसून प्रवास केल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि गुंतागुंत झाल्यास उपचार करणारे डॉक्टर दूर राहतात. पहिली तपासणी व टाके काढणे होईपर्यंत शहरातच थांबणे आणि सोबत एक जबाबदार व्यक्ती ठेवणे हितकारक ठरते. झोपून न राहता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवकर चालू लागणेही महत्त्वाचे असते.

अचानक दम लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा एकाच पोटरीला सूज व वेदना ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी दूरध्वनीवरील सल्ल्याची वाट न पाहता अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. 38 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक ताप, जखमेतून पू किंवा वाढता लालसरपणा आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खर्च, नोंदी आणि तक्रार

केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना याला अपवाद असते. त्यामुळे भूल, औषधे, मुक्काम आणि गरज पडल्यास दुरुस्तीची शस्त्रक्रिया यांचा खर्च लेखी घ्यावा.

रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी 72 तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. शस्त्रक्रियेचा अहवाल आणि इम्प्लांटचा क्रमांक स्वतःकडे जपून ठेवावा. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, तर सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

शरीरातील एखाद्या किरकोळ किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाचा विचार दिवसभर मनात राहत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अशा अवस्थेत शस्त्रक्रियेने क्वचितच समाधान मिळते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला विचारासाठी वेळ दिला आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करू नये असे सांगितले, त्यांचा सल्ला गांभीर्याने घ्यावा.