जुनी होडी, नवे यंत्र

गालील सरोवराचे पाणी १९८५-८६ च्या अवर्षणात बरेच खाली उतरले होते. १९८६ च्या जानेवारीत गिनोसार वसाहतीतील मोशे आणि युवाल लुफान या मच्छीमार बंधूंना उघड्या पडलेल्या चिखलात एका लाकडी होडीची कड दिसली. पाणी पुन्हा चढण्यापूर्वी ती बाहेर काढणे आवश्यक होते. शेली वाक्समन यांच्या देखरेखीखाली बारा दिवस-रात्र खपून ती काढण्यात आली. सुमारे आठ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी ही होडी इसवी सनाच्या आधीच्या व नंतरच्या शतकातील, म्हणजे स्थूलमानाने प्रभू येशूच्या काळातील ठरली. प्रभू तीत बसले असतील असे म्हणण्यास कोणताच आधार नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

आम्हांला त्या होडीच्या वयापेक्षा तिच्या लाकडाचे अधिक नवल वाटते. तपासणीत तब्बल बारा जातींची लाकडे निघाली. मुख्य फळ्या देवदाराच्या, फासळ्या ओकच्या, आणि उरलेले सारे हाताला लागेल ते. काही तुकडे तर आधीच्या दुसऱ्या एखाद्या होडीतून काढून बसविलेले. पुन:पुन्हा ठिगळे लावून ही होडी वर्षानुवर्षे चालविली गेली आणि ती निकामी झाल्यावर तिचेही उपयोगी भाग काढून घेण्यात आले. शुभवर्तमानात जब्दीचे पुत्र होडीत बसून जाळी नीट करताना भेटतात. त्यांच्या शेजारी कोणीतरी होडीही नीट करीत बसला असणार, असे हे लाकूड सांगते.

हा विषय काढण्यास एक कारण घडले. आमच्या धर्मग्रामातील काही तरुण गंगापूर धरणाच्या पाण्यावर चालविण्यासाठी एक वापरलेली लहान मोटारबोट विकत घेऊन दुरुस्त करण्याच्या विचारात आहेत. नाशिककरांना समुद्र नाही. १९६५ साली पूर्ण झालेले गंगापूर धरण हाच आमचा समुद्र. तरुणांचा उत्साह आम्हांला मोडावयाचा नाही. परंतु होडीत यंत्र कसे आले, त्याने काय दिले आणि काय घेतले, हे त्यांनी आधी जाणून घ्यावे असे मनापासून वाटते.

होडीला तेलाचे इंजिन बसविण्याचा आरंभीचा प्रसिद्ध प्रयोग गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म माइबाख यांनी १८८६ साली जर्मनीतील नेकर नदीवर केला. पेट्रोलचा स्फोट होईल या भीतीने लोक बसावयास तयार नव्हते, म्हणून डाइमलरने होडीवर तारा व चिनीमातीचे विद्युतरोधक लावून ती विजेवर चालते असा आभास निर्माण केला, असे सांगतात. युक्ती हसण्यासारखी असली तरी लोकांची भीती अनाठायी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने भडकते. पुढे ओले इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने होडीच्या मागच्या फळीला अडकविता येईल असे सुटे यंत्र १९०९ साली विक्रीस आणले. वल्ही मारीत नेलेले आइस्क्रीम वाटेतच वितळल्यामुळे त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा आहे. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, आणि ज्याच्या नावाचे इंधन आज आपल्या किनाऱ्यावरील असंख्य बोटींना चालविते तो संशोधक स्वत: २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या आगबोटीवरून समुद्रात नाहीसा झाला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वसई, अर्नाळा, उत्तन येथे ज्यांचे आप्त आहेत त्यांनी शिडाच्या होड्यांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. वारा पडला की मासळी भरलेली होडी खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत पडून राही आणि मासळी नासे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत तेव्हाच्या मुंबई राज्याने, व पुढे महाराष्ट्राने, इंजिनासाठी कर्जे व अनुदाने दिली. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी डिझेल आणि बर्फाची सोय पाहिली. येथे एक गोष्ट घडली जिची नोंद आपल्याकडे पुरेशी घेतली जात नाही. सातपाटी व वर्सोवा धर्तीच्या आपल्या होड्या मुळातच रुंद, खोल आणि जाड सागवानी फळ्यांच्या होत्या. त्यांच्यात इंजिन बसविता आले. म्हणजे आपल्या कोळी बांधवांना परक्या नमुन्याची नवी बोट घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे झाले नाही. वाडवडिलांच्या होडीच्या मागील भागात बैठक करून, भोक पाडून, शाफ्ट आणि पंखा बसवून ते समुद्रावर गेले.

केरळात हे साधले नाही. १९५२ साली झालेल्या करारान्वये कोल्लमजवळ नींडकरा व शक्तिकुलंगरा या, बव्हंशी कॅथलिक, मच्छीमार वस्त्यांत भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तेथील हलक्या होड्यांना इंजिन बसविण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा नव्या घडणीच्या बोटी बांधाव्या लागल्या. पुढे कोळंबीची निर्यात वाढली, भांडवलवाले आले आणि जुना मच्छीमार किनाऱ्यावर उभा राहून पाहत राहिला. या संघर्षातून १९७८ नंतर मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि फादर थॉमस कोचेरी यांच्यासारखे धर्मगुरू तिच्यासाठी रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे पिएर जिले हे बेल्जियन येशूसंघीय लहान मच्छीमारांसाठी प्लायवूडच्या हलक्या होड्या घडवीत होते. आम्हांला स्वत:ला या दुसऱ्या प्रकारच्या सेवेचे अप्रूप अधिक वाटते, हे सांगून टाकतो. सभा गाजविण्याइतकेच सांधा न गळणारी होडी बांधणे हेही कठीण काम आहे.

परंतु आपल्याकडेही यंत्र फुकट आले नाही. शिडाला वारा पुरे. इंजिनाला रोख पैसा लागतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी सांधे ढिले होतात आणि लोखंडी खिळे गंजून फळीला सोडतात. ज्याला नवी बोट परवडली नाही त्याने मोठ्या मालकाची जुनी घेतली, आणि मालमोटारीसाठी घडलेले अशोक लेलँडचे इंजिन सागरी गिअर जोडून तीत बसविले. आमच्या नाशिककरांना हे परके वाटू नये. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे आपल्या विहिरींवर पाणी उपसत होती, तसे त्यांचेच भाऊबंद कोकणात होड्या ढकलीत होते. विहिरीवरील इंजिन बंद पडले तर मात्र पिकाला एक पाळी चुकते. होडीवरील बंद पडले तर माणसे वाऱ्याच्या स्वाधीन होतात.

जुन्या बोटीची पारख करणारे तांडेल प्रथम इंजिनाकडे पाहतच नाहीत. लहान हातोडीने फळीवर टकटक करीत ते होडीभोवती फिरतात. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. आता पुष्कळशा बोटी फायबरच्या असतात, पण परीक्षा तीच. ज्या मागच्या फळीला बाहेरील यंत्र अडकवितात तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते, आणि वरून चकचकीत रंग दिलेला असताना ते आतून भिजून कुजलेले असू शकते. इंजिन नेहमी थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न कळविता जावे. निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. वंगण दुधासारखे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. शाफ्ट सरळ रेषेत आहे की नाही हे शेवटी होडी पाण्यात उतरवूनच तपासावे लागते, कारण जमिनीवर टेकलेल्या होडीचा आकार तरंगताना किंचित बदलतो.

समुद्रावरची बोट धरणात आणणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के हलके, म्हणून तीच बोट तेवढ्याच ओझ्याने येथे थोडी अधिक बुडते. लाकूड पोखरणारा समुद्रकिडा गोड्या पाण्यात जगत नाही, ही जमेची बाजू. पण मीठ ज्या लाकडाला टिकविते तेच लाकूड पावसाच्या व नदीच्या पाण्याने कुजते. शिवाय गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते. गळक्या इंजिनाचे तेल त्यात उतरणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत उतरणे होय.

आणि आता आमच्या काळजीचे खरे कारण. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे पर्यटकांची बोट उलटून बावीस जण मरण पावले. त्यांत लहान मुले बरीच होती. ती मूळची मासेमारीची बोट. तिला वर मजला चढवून प्रवासी बोट केले होते आणि तीत क्षमतेबाहेर माणसे भरली होती. जाळी व मासळी होडीच्या तळाशी असतात, म्हणून होडी स्थिर राहते. माणसे वरच्या मजल्यावर उभी राहतात आणि एखादा देखावा पाहावयास एकाच बाजूला धावतात. सुताराने फळ्या चोख बसविल्या तरी या हिशेबाला उत्तर नाही. २१ मे २०२४ रोजी आपल्या उजनी धरणात वादळी वाऱ्याने प्रवासी होडी उलटून सहा जीव गेले. धरणाचे पाणी समुद्रापेक्षा निरुपद्रवी, ही समजूत त्या संध्याकाळी त्यांच्यासह बुडावयास हवी होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईच्या समुद्रात नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जण दगावले. त्या नौकेच्या इंजिनाची तेव्हा चाचणी चालू होती. नव्याने बसविलेले यंत्र प्रथम रिकाम्या पाण्यावर, मोजक्या व पोहता येणाऱ्या माणसांनिशी चालवून पाहावे, हे आमच्या तरुणांना वेगळे सांगावयास नको.

कायद्यानेही आता पळवाट ठेवलेली नाही. अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक होड्यांसाठी १९१७ सालचा कायदा होता. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली. नोंदणी, पाहणीचा दाखला आणि विमा यांवाचून बोट चालविता येत नाही. धरणावर उतरण्यास जलसंपदा विभागाची अनुमती निराळी. वापरलेली बोट घेताना तिची जुनी कागदपत्रे व इंजिनावरील क्रमांक ताडून पाहावे. क्रमांक जुळत नसेल तर सौदा कितीही स्वस्त असो, उठून यावे.

तरुणांनी पुढील वैशाखापर्यंत थांबावे, असे आम्ही त्यांना सुचविले आहे. तेव्हा धरणाचे पाणी उतरते आणि काठच्या बोटी चिखलावर टेकतात, त्यामुळे तळ, सांधे, पंखा सारे डोळ्यांसमोर येते. वसईचे एक वृद्ध तांडेल त्या दिवसांत आमच्याकडे लग्नासाठी येणार आहेत. हातोडी ते स्वत:ची आणतील.