दृश्य संगीत-आज्ञावलीतील नमुना-दराची विचारणा : एक ऐतिहासिक टिपण

संगणकातील ध्वनी म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेल्या नमुन्यांची मालिका होय. या प्रमाणास सॅम्पल रेट अथवा नमुना-दर म्हणतात. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून संगीत निर्माण करवून घेतले, तेव्हा गणित आधी होई व ध्वनी मागाहून ऐकू येई. दर रचनाकारानेच ठरविलेला असल्याने तो यंत्रास विचारण्याचे कारण नव्हते.

मॅथ्यूज यांचेच नाव धारण करणारी ‘मॅक्स’ ही आज्ञावली मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्काम संस्थेत रचली. पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडणे, हीच तिची लिपी. आरंभी ती केवळ संदेश हाताळी. ध्वनीचे गणित निराळे यंत्र करी. पकेट यांची ‘प्युअर डेटा’ (१९९६) आणि मॅक्सची ‘एमएसपी’ ही जोड (१९९७) आल्यावर मात्र सामान्य संगणकावर संदेश व ध्वनी एकाच पटावर नांदू लागले आणि खरा प्रश्न उद्भवला.

अनेकांनी आपल्या चौकटींत ४४,१०० हा आकडा सरळ लिहून टाकला. हा आकडा काही कानाने निवडलेला नाही. ध्वनिमुद्रणासाठी व्हिडिओ यंत्रे वापरली जात, तेव्हा प्रत्येक रेषेवर ३ नमुने, २४५ रेषा व सेकंदाला ६० क्षेत्रे यांच्या गुणाकारातून तो आला आणि पुढे कॉम्पॅक्ट डिस्कने स्वीकारला. चित्रपट-दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात मात्र ४८,००० रूढ झाला. अशा यंत्रावर ताजा मुद्रित केलेला आवाज कोष्टकातून वाचताना गणितात ४४,१०० राहिला, तर स्वर सुमारे दीड अर्धस्वराने उतरतो. आपल्याकडील गायक एवढी उतरलेली पट्टी क्षणभरही सहन करणार नाही.

उपाय चौकटीतच आहे. प्युअर डेटात ‘सॅम्पलरेट~’ या चौकटीस विचारणा केली की ती चालू दर सांगते. अंतर्गत उपपटाचा दर वाढविलेला असल्यास तोही हिशेबात धरते. ही विचारणा संदेशांच्या पातळीवरच ठेवावी. रचना उघडताना व ध्वनियंत्रणेची मांडणी बदलल्यावर एकदा विचारावे, भागाकार तेथेच उरकावा आणि आलेला गुणक ध्वनीकडे पाठवावा. तोच भागाकार ध्वनिप्रवाहात केल्यास तो सेकंदाला ४४,१०० वेळा होतो, आणि तोही न बदलणाऱ्या उत्तरासाठी. मॅक्समधील ‘डीएसपीस्टेट~’ ध्वनी सुरू होताच दर आपण होऊन कळविते. जुनी रचना नव्या यंत्रावर उभी करणाऱ्यास मात्र पहिल्याने शोधावा लागतो, तो एखाद्या कोपऱ्यातील चौकटीत दडलेला ४४,१००.