फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांचे टायर

फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांचे टायर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवू शकणाऱ्या जीप, एसयूव्ही, पिकअप यांसारख्या वाहनांसाठी बनवलेले टायर होत. नक्षीची खोली, रबराचा कस, बाजूच्या भिंतीची जाडी आणि भार पेलण्याची क्षमता यांनुसार त्यांचे हायवे-टेरेन, ऑल-टेरेन व मड-टेरेन असे तीन मुख्य प्रकार पडतात. एकच वाहन डांबरी रस्त्यावर आणि चिखलाच्या शेतातही वापरायचे असेल, तर टायरची निवड ही तडजोडच असते. कारण चिखलात उपयोगी पडणारे बहुतेक गुण ओल्या डांबरावर दोष ठरतात. फोर-व्हील ड्राइव्हमुळे गाडी पुढे रेटणारी ताकद चार चाकांत वाटली जाते. ब्रेक मात्र साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. त्यामुळे गाडी थांबवण्याच्या बाबतीत या यंत्रणेचा फारसा लाभ होत नाही आणि सारी भिस्त टायरवर राहते.

इतिहास

शेतीची यंत्रे दीर्घकाळ लोखंडी चाकांवर चालत. त्या चाकांवरील लोखंडी दाते जमिनीत रुतून पकड देत, परंतु रस्त्यावर ती चाके निरुपयोगी होती. १९३२ मध्ये अमेरिकेतील अॅलिस-चाल्मर्स कंपनीने हवेचे टायर बसवलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि शेत व रस्ता यांना जोडणाऱ्या चाकाचा प्रश्न प्रथमच गांभीर्याने पुढे आला. दुसऱ्या महायुद्धातील जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असत. त्यांच्या नक्षीला पुढची-मागची अशी दिशा नव्हती. गाडी चिखलात फसल्यावर ती मागे घेतानाही तितकीच पकड मिळावी, हा त्यामागील हेतू होता. १९४८ मध्ये सादर झालेली ब्रिटिश लँड रोव्हर मुख्यतः शेतकऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली होती व तिलाही आरंभी याच मापाचे टायर होते.

मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. या रचनेत टायरच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात व नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे बाजूची भिंत लवचिक राहते, नक्षी जमिनीवर सपाट टेकते आणि टायर कमी तापतो. मोटारींसाठी ही रचना लवकर रूढ झाली, परंतु खडबडीत जमिनीसाठी पूर्वीचेच आडव्या-तिरप्या थरांचे टायर बराच काळ पसंत केले जात. १९७६ मध्ये बीएफ गुडरिच कंपनीने रेडियल ऑल-टेरेन टायर आणला आणि दुहेरी वापराच्या टायरची आजची कल्पना मुख्यतः तेथून रुळली.

प्रकार

हायवे-टेरेन टायरची नक्षी बारीक व दाट असते, खाचा उथळ असतात आणि रबराचा बराच मोठा भाग रस्त्याला टेकतो. तो शांत चालतो, इंधन कमी घेतो व ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो. चिखलात त्याच्या खाचा काही क्षणांत भरतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्हींना कारखान्यातून हेच टायर बसवलेले येतात.

मड-टेरेन टायर याच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्याचे रबरी ठोकळे मोठे व एकमेकांपासून दूर असतात, खाचा खोल असतात व नक्षी भिंतीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली असते. चाक फिरताना खाचांत अडकलेला चिखल बाहेर फेकला जावा, अशी ही योजना असते. डांबरावर हा टायर घुमतो, जड वाटतो व लवकर झिजतो.

ऑल-टेरेन टायर या दोहोंच्या मध्ये येतो. त्याचे ठोकळे मध्यम आकाराचे, एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांवर सायप नावाच्या बारीक चिरा असतात. मात्र 'ऑल-टेरेन' या नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या स्वभावाचे टायर विकले जातात. काहींची नक्षी दिसायला रांगडी असली तरी खोली हायवे-टेरेनपेक्षा किंचितच अधिक असते. त्यामुळे नावापेक्षा खाचेची खोली मिलिमीटरमध्ये पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. टायरवरील 'एम+एस' या खुणेचा विस्तार 'चिखल व बर्फ' असा असला, तरी ती नक्षीच्या ठेवणीवरून निर्माता स्वतः देतो. चिखलातील चाचणीचा तो पुरावा नव्हे.

ट्रॅक्टरच्या मागील चाकांसारखी उलट्या 'व्ही' आकाराची नक्षी असलेले टायर जीपला बसवण्याचा मोह काही ठिकाणी दिसतो. शेतीच्या टायरवर 'ए ८' अशी वेगमर्यादेची खूण असल्यास तिचा अर्थ ताशी ४० किमी असा होतो. महामार्गाच्या वेगाला असे टायर तापतात आणि फुटू शकतात.

मातीचा प्रकार

चिखल सर्वत्र सारखा नसतो, आणि टायरविषयीच्या बहुतेक चर्चांत नेमके हेच सुटते. दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठच्या भारी जमिनींत पावसाळ्यात चाकाला लागलेला चिखल सुटत नाही. थरावर थर चढत जाऊन तो मडगार्डला घासू लागतो. चिखल फेकून देण्यासाठी चाकाला वेग हवा आणि वेग दिला की चाक खाली खणत जाते. अशा जमिनीत मड-टेरेन टायरही थोड्या वेळात गोळ्यासारखा होतो. शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहतात ती केवळ नांगर-पेरणीसाठी नव्हे. वाफसा नसताना शेतात घातलेली गाडी माती दाबून टाकते आणि चाकोऱ्यांत पुढे पाणी साचते. थोडक्यात, भिजलेल्या काळ्या मातीत कोणताही टायर हा पूर्ण उपाय नाही.

कोकणातील व मावळातील भातखाचरांची स्थिती निराळी आहे. वर्षानुवर्षे चिखलणी केल्याने वरच्या मऊ थराखाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. तेथे अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो व पकड मिळवतो. रुंद टायर मात्र वरच्या थरावरच घसरत राहतो. महायुद्धातील जीपचे अरुंद टायर बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडले ते याच कारणाने. उलट, खाली घट्ट तळच नसेल तर भार अधिक क्षेत्रावर पसरवणारा रुंद टायर बरा. मुरमाड किंवा रेताड जमिनीत पाणी लवकर निचरते. तेथे चिखलापेक्षा धारदार दगडांनी टायर कापला जाण्याचा धोका मोठा असतो.

शेतातील दुसरा शत्रू म्हणजे पिकांचे खुंट. काढणीनंतर राहिलेले तुरीचे व कपाशीचे तिरपे कापलेले खुंट आणि बांधावरच्या बाभळीचे काटे टायरमध्ये शिरतात. नक्षीतील छिद्र बुजवता येते, परंतु बाजूच्या भिंतीला पडलेला छेद सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही. म्हणून तूर किंवा कपाशीच्या रानातून नेहमी जाणाऱ्या वाहनासाठी नक्षीच्या रांगडेपणापेक्षा भिंतीतील थरांची संख्या अधिक महत्त्वाची असते.

ओला रस्ता

रुंद खाचांचा टायर पाणी चांगले बाहेर टाकतो, तेव्हा तो ओल्या रस्त्यावरही चांगलाच असणार, असा समज आढळतो. साचलेल्या खोल पाण्यापुरता तो काही अंशी खरा आहे. परंतु पावसाळ्यातील बहुतांश काळ रस्त्यावर पाण्याचा फक्त पातळ पापुद्रा असतो. तो कापण्यासाठी बारीक चिरा आणि रस्त्याला टेकणारे पुरेसे मऊ रबर लागते. मड-टेरेनमध्ये या दोन्ही गोष्टी कमी असतात. शिवाय उंच ठोकळे वळणावर व जोराने ब्रेक लावताना वाकतात. परिणामी गाडी थांबायला अधिक अंतर लागते. शेतात अडकलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढता येते. घाटातील ओल्या वळणावर पुढच्या एसटीमागे न थांबलेल्या गाडीला असा दुसरा उपाय नसतो. दुहेरी वापराच्या निवडीत ओल्या रस्त्यावरील ब्रेकला पहिले स्थान द्यावे लागते ते यामुळे.

निवड

वाहन एकूण किती अंतर चालते आणि त्यातील किती अंतर चिखलाचे असते, हा हिशेब मूलभूत आहे. रोज तालुक्याच्या गावी जाणाऱ्या गाडीला शेवटचा एखादा किलोमीटर पाणंद रस्ता असेल आणि गाडी बांधापाशी थांबवता येत असेल, तर हायवे-टेरेन किंवा सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन टायर पुरतो. खरीप हंगामात खते, बियाणे, दुधाचे कॅन घेऊन शेतापर्यंत जाणे टाळता येत नसेल, तर खोल खाचांचा व जाड भिंतीचा ऑल-टेरेन टायर योग्य असतो. ज्या वाहनाचे मुख्य काम रस्त्याबाहेरच आहे, त्यालाच मड-टेरेन शोभतो. काही मालक रिमसह चाकांचे दोन संच ठेवतात व पावसाळ्यापुरता एक बदलतात. हा मार्ग आरंभी खर्चिक असला, तरी दोन्ही संच अधिक काळ टिकतात.

मापाच्या बाबतीत निर्मात्याने दिलेल्या मापाला धरून राहणे श्रेयस्कर. मारुती सुझुकी जिम्नीचे मूळ माप १९५/८० आर १५ आहे: रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल रचना आणि १५ इंची रिम. या टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी होतो. त्याऐवजी २१५/७५ आर १५ बसवल्यास व्यास दीड टक्का वाढतो. २३५/७५ आर १५ बसवल्यास जवळजवळ सहा टक्के वाढतो आणि त्याच परिभ्रमणांत पूर्वी ताशी ८० किमी असणारा वेग आता सुमारे ८५ होतो, जो स्पीडोमीटर दाखवत नाही. मोठ्या टायरने जमिनीपासूनची उंची थोडी वाढते, पण इंजिनावरील ओढ वाढते, वळताना टायर मडगार्डला घासतो आणि चिखल साठायला जागा उरत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरबदल करण्यास मनाई करते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मापानंतरचे अंक-अक्षर भार व वेग दर्शवतात. '९६ एस' म्हणजे एका टायरवर ७१० किलो भार व ताशी १८० किमी वेग. 'क्यू' असल्यास १६० किमी. पिकअपसारख्या ओझे वाहणाऱ्या गाडीत भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

हवेचा दाब

चिखलातील पकड वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा कमी करणे. टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकतो हे ढोबळमानाने भार भागिले दाब इतके असते. एका चाकावर ४५० किलो भार असेल, तर ३२ पीएसआय दाबाला हे क्षेत्र सुमारे २०० चौरस सेंमी भरते; १६ पीएसआयला ते जवळपास दुप्पट होते. भिंतीच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षातील वाढ थोडी कमी असते, तरी फरक मोठाच असतो. साधारणपणे १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरणे पुरेसे होते. त्याहून खाली गेल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर गाडी संथच चालवावी लागते आणि डांबरावर येताच हवा पूर्ववत करावी लागते, अन्यथा टायर तापून भिंत निकामी होते. त्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीवर चालणारा लहान पंप जवळ ठेवला जातो. पाणंदीच्या तोंडाशी पंपाची दहा-पंधरा मिनिटे वाट पाहण्याचा कंटाळा हेच बहुधा हा उपाय मागे पडण्याचे कारण असावे.

झीज, वय व जोडी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी असावी लागते. चिखलातील उपयोग मात्र त्याच्या बराच आधी संपतो. खाचा अर्ध्या झिजल्या की ऑल-टेरेन टायर शेतात हायवे-टेरेनसारखाच वागतो. शेतावरच्या गाड्या कमी चालत असल्याने त्यांची नक्षी शाबूत असते, पण उन्हाने रबर कडक होऊन भिंतीवर बारीक भेगा पडतात. भिंतीवरील चार अंकी संकेतातून वय कळते: '२३२३' म्हणजे २०२३ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावेत व दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी बदलावेत, असा संकेत रूढ आहे.

शेतातून निघताना चाकांना चिकटलेली ढेकळे डांबरावर पडतात आणि पावसाची सर येताच मागून येणाऱ्या दुचाकी त्यांवरून घसरतात. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरांमुळे हे सर्रास घडते, पण जीपही त्यातून सुटत नाही. पाणंदीच्या मुरूम टाकलेल्या भागावर थांबून चाके खरवडली की बराच चिखल तेथेच राहतो.

मध्यवर्ती डिफरन्शिअल नसलेल्या गाड्यांत फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढचा व मागचा आस एकाच गतीने फिरतो. चार टायरांचा घेर सारखा नसेल, तर गिअरपेटीवर ताण साचतो. मऊ जमिनीत चाके थोडी घसरून तो मोकळा होतो, कोरड्या डांबरावर होत नाही. म्हणून अशा गाड्यांत चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व जवळपास सारखे झिजलेले ठेवतात आणि दर आठ-दहा हजार किमीनंतर त्यांची अदलाबदल करतात. स्टेपनीलाही या अदलाबदलीत घेतल्यास पाचही टायर समान झिजतात. वेगळ्या मापाची स्टेपनी लावण्याची वेळ आली, तर पंक्चर निघेपर्यंत गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्येच चालवावी लागते.