पोढीतलं पाणी आणि विहारातलं कमळ



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आम्ही कमळावर लिहितो आहोत, हे पाहून काही जण हसतील. गिरणीत पाळी करणाऱ्यांना फुलांचं काय कौतुक? पण विहाराच्या अंगणातल्या टाक्यात कमळ लावलं, आणि ते जगवता जगवता आम्हांला कळलं, की या रोपाचा इतिहास म्हणजे पाण्याचाच इतिहास. आणि पाण्याचा इतिहास म्हणजे तुमचा-आमचा इतिहास.

शिरूर आणि दौंड हे कमी पावसाचे तालुके. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. शिरूरजवळून घोडनदी वाहते, दौंडजवळून भीमा. घोडेला कुकडी येऊन मिळते, आणि ही कुकडी येते जुन्नरकडून. त्या जुन्नरच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली. लेण्यांबरोबर पाण्याची टाकीही कोरली. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलेलं आहे. त्या लेखांत दान देणारे सगळे राजेच नाहीत. व्यापारी आहेत, कारागीर आहेत, बायामाणसंही आहेत. तिकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणि हातात कमळ घेऊन उभा आहे. म्हणजे विहार म्हटला की पाणी आणि कमळ ही दोन्ही आलीच.

मग पुढे आपल्या वाट्याला काय आलं? गावाचा पाणवठा एक आणि आपला पाणवठा वेगळा. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला. तरीही कोर्टकचेरी चालली ती १९३७ पर्यंत. हायकोर्टाचा निकाल तेव्हा आपल्या बाजूने लागला. आता सांगा, ज्याला घागरभर पाण्यासाठी दुसऱ्याची वाट बघत उभं राहावं लागलं, त्याने कमळ लावायचं तरी कुठं?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विहार उभे राहिले. तथागतांपुढे फुलं आली. पण कमळ मात्र बाजारातून आणायचं, नाहीतर प्लॅस्टिकचं ठेवायचं. हे मनाला खटकलं म्हणून आम्ही टाकं बांधलं.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. जोर यावा म्हणून ताजं शेण घातलं, तर कंद कुजून गेला. मग शिकलो. टाकं किंवा टब रुंद हवा, तळाला भोक नको. तळाशी चिकट गाळाची माती, आणि खत घालायचं ते पूर्ण कुजलेलं, तेही थोडंच. कंद आडवा ठेवायचा, त्याचा कोंब मातीवर उघडा राहू द्यायचा. सुरुवातीला चार बोटं पाणी, पानं वाढतील तसं वाढवायचं. दिवसाला पाच-सहा तास ऊन पाहिजेच. सावलीत पानं येतील, फूल येणार नाही. वाळलेलं पान पाण्याच्या वर कापावं, कारण देठ पोकळ असतो, त्यातून पाणी कंदात शिरतं. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत.

बी लावायचं तर त्याची एक बाजू दगडावर घासून पाण्यात टाकावी. हे बी फार टणक. १९५१ साली जपानात डॉ. इचिरो ओगा यांना जुन्या गाळात कमळाचं बी सापडलं. ते सुमारे दोन हजार वर्षांचं मानलं जातं. ते रुजलं आणि पुढच्या वर्षी फुललं. आपण तर फार थोडी शतकं दबलेलो होतो!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्या-पिंपरीचं सांडपाणी घेऊन येते. त्या पाण्यावर जलपर्णी माजते. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळं फूल दिसायला गोड म्हणून लोकांनी ती देशोदेशी नेली. बंगालात तिने एवढा उच्छाद मांडला, की १९३६ साली तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं. तिची दाट चादर पसरली, की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात, डास वाढतात. म्हणून फूल छान दिसतं म्हणून ती कोणी टाक्यात आणू नये, आणि टाक्यातली कोणतीही वनस्पती नदीत टाकू नये.

कमळ चिखलात उगवतं, हे आपण नेहमी ऐकतो. आम्ही ते उगवून बघितलं, म्हणून सांगतो, चिखल वेगळा आणि गटार वेगळं. पाण्यापर्यंत जायचा हक्क बापजाद्यांनी लढून मिळवून दिला. ते पाणी पिण्याजोगं ठेवणं हे काम मात्र आपल्या पिढीवर आलं आहे.

येत्या वैशाख पौर्णिमेला विहारात यावं. टाक्यातला एकेक कंद ज्याला हवा त्याला आम्ही देऊ. पोरांच्या हातानं लावा, आणि लावताना चवदार तळ्याची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

सर्वांचं मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!