विंचवाचा प्रश्न कोणाचा?

नागोठण्यात भातकापणी सुरू झाली की आजी हमखास धाकट्या चुलत्यांची आठवण काढी. १९७४ सालच्या दिवाळीआधी भारे उचलताना त्यांना तांबडा विंचू चावला. आधी विंचू उतरवणारा आला, मग डॉक्टर. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. पहाटे तोंडातून गुलाबी फेस आला आणि सगळे संपले. “डाक्टर चांगला व्हता रं, पन त्यालाच ठावं नव्हतं,” आजी म्हणे. त्याला ठाऊक का नव्हते, हे शोधता शोधता मी वैद्यकाच्या इतिहासाकडे वळलो.

उत्तराचा धागा आमच्याच जिल्ह्यात सापडला. नागोठण्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला गेले की महाड लागते. जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. बावस्करांनी खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. चुलत्यांच्या तोंडचा फेस तोच होता. १९८२ मध्ये ही निरीक्षणे लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह तो अनुभव त्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

आता त्याच १९८६ सालचा जगाचा हिशेब पाहा. त्या वर्षी आरोग्य संशोधनावर जगभरात सुमारे ३,००० कोटी डॉलर खर्च झाले. एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्ये हा ताळेबंद मांडला. त्यातले जेमतेम ५ टक्के विकसनशील देशांच्या आजारांसाठी होते. टाळता येण्याजोग्या अकाली मृत्यूंचा ९३ टक्के भार मात्र याच देशांवर होता. लंडनमध्ये विंचवाने कोणी मरत नाही, आणि जुन्या गोळीचा नवा उपयोग शोधून कंपनीला फारसे मिळत नाही. मग महाडच्या शेतकऱ्याचा प्रश्न विचारणार कोण?

बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा रायगडकरांना अभिमान वाटला. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाते. साऱ्या कोकणाच्या जिवाशी आलेला प्रश्न एका माणसाच्या चिकाटीवर टांगलेला होता. ते बिरवाडीऐवजी शहरात गेले असते तर?

चुलत्यांच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जे कोणी शोधलेच नव्हते, ते त्यांना कळणार कसे? मात्र आज एखाद्या आरोग्य केंद्रातला तरुण डॉक्टर रुग्णाशेजारी वही घेऊन बसू म्हणेल, तर त्याला वेळ, मदतनीस आणि थोडा पैसा कोण देणार, हे विचारायला हवे. भातकापणी दरवर्षी येते, आणि भाऱ्यांखाली विंचूही असतोच.