मेंदूची नहर

श्रोतेहो, मलिक अंबराने आपल्या या शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरीने पाणी आणले, हे आपण जाणताच. नळ तुंबला की पुढचा मोहल्ला तहानलेला. लकव्यात पुष्कळदा हेच घडते. तुंबते ती मेंदूची रक्तवाहिनी.

१९४५ साली अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी माणसाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून मेंदूतले रक्त मोजले. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर! पण हा साऱ्या गावाचा हिशेब झाला. कोरडा मोहल्ला कोणता, ते त्यातून कळेना.

आता शिरेत औषध टोचून सी.टी. यंत्र लागोपाठ चित्रे घेते. संगणकाची आज्ञावली त्यांवरून काही मिनिटांत मेलेला भाग निराळा आणि तहानलेला, पण वाचण्याजोगा भाग निराळा रंगवते. चूक तीही करते, बरे का; डॉक्टरांची नजर हवीच.

मोठी वाहिनी तुंबली तर गुठळी काढायला पूर्वी सहा तासांची हद्द मानीत. २०१८ साली दोन चाचण्यांत, अशा मापावर निवडलेल्या रोग्यांना त्यानंतरही, एकीत सोळा आणि दुसरीत चोवीस तासांपर्यंत, गुण आला. रात्री धडधाकट निजलेला, पहाटे तोंड वाकडे झालेला कन्नडकडचा शेतकरी घ्या. झटका कधी आला, सांगणार कोण? आता घड्याळाबरोबर हे चित्रही पाहतात. अर्थात तसे यंत्र असलेल्या रुग्णालयात तो वेळेवर पोचला तर.